नमुन्यात रकाना नाही

शेटे साहेब शाळेत शिरले की आधी मुख्याध्यापकांशी बोलत नसत. चपला दारात काढून ते सरळ टीव्हीपाशी जात आणि त्याच्या पाठीवर तळहात ठेवत. ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. घटकाभर डोळे मिटून उभे राहत, मग वळून अगदी गोड आवाजात विचारत, "गुरुजी, आज कोणता पाठ दावला पोरांना?" गुरुजी म्हणत, "आत्ताच संपला की साहेब. परिसर अभ्यास." साहेब मान डोलावत. टीव्हीची पाठ मात्र गार पडलेली असे, आणि ती गार आहे हे आता गुरुजींबरोबर साहेबांनाही ठाऊक झालेलं असे.

ते शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी होते आणि मी त्यांचा तांत्रिक सहायक. नव्वदीच्या मधले दिवस होते. गावोगाव एसटीडीचे बूथ लागत होते, केबलवाले गच्च्यांवरून वायरी ओढत होते आणि आमच्या खात्यालाही नव्याची हौस सुटली होती. डोंगरपट्ट्यातल्या निवडक शाळांना एकेक रंगीत टीव्ही आणि व्हिसीआर दिला होता. त्याच शाळांतल्या चौथीच्या प्रत्येक मुलाच्या घरी एक टेपरेकॉर्डर आणि पाठांच्या सहा कॅसेटी. मूल शाळेत बघेल, घरी जाऊन ऐकेल आणि शिकेल, अशी कल्पना. योजनेचं सरकारी नाव इतकं लांब होतं की कोणी ते घेत नसे. लोक शाळेतल्या टीव्हीला थोरला डबा म्हणत आणि घरच्या टेपरेकॉर्डरला धाकला डबा. या डब्यांचा उपयोग होतो की नाही, हे छापील नमुन्यात लिहून वर पाठवायचं काम शेटे साहेबांकडे आलं. मी अंबाजोगाईला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केलेला, म्हणून मला त्यांच्या जीपमध्ये बसवलं. बिघडलेला संच जागच्या जागी पूर्ववत करायचा, एवढं माझं काम. माझी नेमणूक अकरा-अकरा महिन्यांची होती आणि पुढच्या अकरा महिन्यांचा कागद साहेबांच्या सहीनंच निघायचा.

माणूस ठेंगणा, गोरा, गळ्यात लिंग, कपाळाला रोजचं ताजं भस्म. अंबाजोगाईत त्यांच्या वडलांचं भुसार दुकान होतं. दुकान धाकट्या भावानं घेतलं आणि हे नोकरीत आले. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. बोलणं अस्सल आमच्याकडचं. कागदावर मात्र अशी मराठी लिहीत की पुण्याच्या माणसानं उभं राहून वाचावी. त्यांची एक तऱ्हा मला पहिल्या आठवड्यातच कळली. ज्याच्यावर त्यांचा जीव असे त्याला ते 'बे' म्हणत. मला पहिल्या दिवसापासून म्हणत, "बे दिगंबर, मोटरीत पाणी घातलं का बघ." आणि ज्याचा निकाल त्यांनी मनात लावून टाकलेला असे त्याला 'अहो-जाहो'. "अहो गुरुजी, बसा ना. उभं कावून राह्यलात?" असं ते म्हणाले की तालुक्यातले जुने मास्तर काय ते समजायचे.

माझ्यावर त्यांनी माया केली, हे आधीच सांगितलं पाहिजे, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात ते दिसणार नाही. माझा पहिला नेमणूक-कागद एका कारकुनानं दाबून ठेवला होता. साहेब त्याच्या टेबलासमोर सकाळी जाऊन बसले ते कागद हातात पडेपर्यंत उठले नाहीत. जीपमध्ये डबा उघडला की भाकरीचे सरळ दोन भाग करून मोठा माझ्याकडं सरकवायचे. मला हिवताप आला तेव्हा डॉक्टरकडं त्यांनीच नेलं आणि औषध कडू म्हणून मी तोंड वाकडं केलं तर म्हणाले, "गिळ बे. तुझ्यासाठी कोन गोड करून ठेवलंय." माझा बाप मी सातवीत असताना गेला. या माणसाच्या हाताखाली मला पुन्हा कोणाचा तरी धाक वाटायला लागला आणि तो धाक मला आवडत होता.

लाच त्यांना कोणी देऊ शकत नसे. देणाऱ्याला ते तिथल्या तिथं कागदावर लिहून द्यायला सांगत. सरपंच, सभापती, आमदारांचा पीए, कोणाचीही चिठ्ठी आली तर ती घडी करून अहवालाला टाचत. "माणूस खोटं बोलतो," ते म्हणत, "यंतर बोलत न्हाई. आपुन यंतराचं ऐकायचं." पहिल्या दोन महिन्यांत आम्ही जे पाहिलं त्यावरून त्यांचं खरंच होतं म्हणायचं. एका शाळेत टीव्हीच्या खोक्यात खडूची पोती निघाली. दुसरीकडं व्हिसीआरवर मुख्याध्यापकांचे मेहुणे गावात तिकीट लावून सिनेमे दाखवत होते. साहेब अशा वेळी चिडत नसत. उलट त्यांचा चेहरा उजळायचा. "मामला साफ हाय," म्हणून लिहायला घ्यायचे.

नारायणगडाकडच्या एका गावी थोरला डबा जागेवर नव्हता. मुख्याध्यापकांनी पोरीच्या लग्नात तो जावयाला दिला होता. मास्तर साहेबांच्या पाया पडले. म्हणाले, मला निलंबित करा, पण पोरीच्या सासरी जाऊ नका, नवा विकत घेऊन आठ दिवसांत इथं आणून ठेवतो. साहेब म्हणाले, "अहो गुरुजी, नवा कावून? त्याचा नंबर येगळा असंल. मला माज्या नंबराचा पायजे." आम्ही त्याच दुपारी तिच्या सासरी गेलो. ओसरीत टीव्हीवर जाळीचा रुमाल घातलेला, वर प्लॅस्टिकची फुलं. साहेबांनी फुलं उचलून नवरीच्या हातात दिली, रुमालाची घडी करून तीही दिली, मला मागचा नंबर मोठ्यानं वाचायला लावला आणि पंचनाम्यावर सासऱ्याची सही घेतली. हिरवा चुडा भरलेली ती पोरगी फुलं धरून उभी होती. सासू तिच्याकडं बघत राहिली. जीप गावाबाहेर आल्यावर मी म्हणालो, "साहेब, तिची काय चूक होती?" ते म्हणाले, "चूक न्हाईच. पर टीवी तिच्या घरात होता का न्हवता?" ती पोरगी पुढं नांदली का, हे मी कधी विचारलं नाही. तेव्हा मला त्यांचा अभिमानच वाटला होता. असा माणूस खात्यात एक तरी आहे, असं मी घरी जाऊन आईला सांगितलं.

"दया घरी खुंटीला अडकवून निघायचं," हे त्यांचं आणखी एक वाक्य. "परत आलं की हायच ती तिथं. कोन नेत न्हाई."

धर्मापुरीच्या पुढं डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तिथं आम्ही माघात गेलो. मूल्यमापन मार्चच्या आत वर जायला हवं, म्हणून घरभेटींचे दिवस नेमके हिवाळ्यात धरले होते. ज्यानं धरले त्याला आमचा जिल्हा ठाऊक नसावा. दसरा झाला की डोंगरपट्ट्यातली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात, ती पाडव्याच्या आगंमागं परततात. माघात घराला कुलूप असतं, नाहीतर ओसरीत एखादी म्हातारी. पोरं आईबापाबरोबर फडात असतात. शाळेच्या पटावर नाव असतं आणि पोर दोन जिल्हे पलीकडं उसाच्या मोळ्या बांधत असतं. आम्ही आधीच्या गावांत कुलपांवरच शेरे मारत आलो होतो.

या वाडीच्या शाळेत मात्र पोरं होती. वर्ग भरलेला. चंद्रकलाबाई म्हणून एकच शिक्षिका चारी इयत्ता घेऊन बसल्या होत्या. तिशीच्या आतबाहेरच्या, नऊवारीतल्या, आवाज बसलेला. साहेबांनी टीव्हीवर हात ठेवला. तो गरम होता. साहेबांनी हात काढला नाही, उलट दुसराही ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा गरम टीव्ही लागला होता. वळून बाईंना म्हणाले, "काय गं, रोज लावतीस व्हय?" त्यांनी एकेरी हाक मारलेली ऐकून माझा जीव भांड्यात पडला. बाई म्हणाल्या, "लाईट असली तर रोज, साहेब."

मग धाकले डबे. चौथीत तेरा पोरं, तेरा डबे पाहिजेत. निघाले नऊ. आणि त्या नऊ घरांतल्या कॅसेटी मागवल्यावर साहेबांनी एक हातात घेऊन तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि थांबले. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन खाचा असतात. तिथली चिमुकली पट्टी मोडून टाकली की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. पाठांच्या कॅसेटी अशा मोडूनच दिलेल्या होत्या. पण खाच झाकली की पुन्हा भरता येतं. या कॅसेटीच्या दोन्ही खाचांवर बायकांच्या कपाळाच्या टिकल्या चिकटवल्या होत्या, मोठ्या, मरून रंगाच्या. साहेबांनी दुसरी घेतली, तिसरी घेतली. प्रत्येक घरच्या सहातल्या एका कॅसेटीवर टिकल्या. काही लाल, काही काळ्या, एकीवर खड्याची.

पहिल्या कॅसेटीवर लिहिलं होतं, गणित, पाठ तिसरा. ती मंगल नावाच्या मुलीच्या घरून आली होती आणि मंगल पुढंच बसकरपट्टीवर बसली होती. साहेबांनी ती डब्यात घातली, खुर्चीवर बसले, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि बटण दाबलं. आधी नुसती खरखर, मग लांबून बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, आणि एक बाई बोलायला लागली.

"मंगे, ऐकू यायलंय का? मुकादम म्हंतेत लाल बत्ती लागली की बोला. लागलीय. जेवलीस का गं? आजीला म्हणावं चुलीपशी लई येळ बसू नको, डोळ्याला धूर लागतोय. तुज्या परकराची नाडी पेटीत हाय, निळ्या पातळाच्या खाली. येणी घालून शाळंत जायचं. मोकळ्या केसानं न्हाई. हितं थंडी लई हाय. पाचट कापतंय हाताला, बाकी काय न्हाई. तुजा बाप हसायलाय बघ, म्हंतोय डब्याशी काय बोलतीस. मला लिवता येत न्हाई म्हून तू लिवायचं सोडू नको. बरं. आजून काय बोलू. तू बोल की."

आणि पट्टीवर बसलेली मंगल बोलली. हळूच, आपल्याशीच, पण वर्ग इतका शांत होता की ऐकू आलं. "जेवले," ती म्हणाली. "नाडी घावली." तिला तशी सवयच लागली होती. मग सगळे आपल्याकडं बघताहेत हे लक्षात येऊन ती खाली मान घालून बसली.

साहेबांनी मध्ये बटण बंद केलं नाही. कॅसेट खरखरत पार संपेपर्यंत त्यांनी ऐकली, घड्याळात पाहिलं आणि वहीत लिहिलं. मी शेजारी होतो, मला दिसलं. 'गणित पाठ तिसरा : पूर्ण पुसलेला. जागी खाजगी मजकूर.'

"बाई," ते म्हणाले, "हे गणित हाय?"

"न्हाई, साहेब. तिची आई हाय." बाईंनी मग सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. दरसाल दसऱ्याला पोरं टोळीबरोबर जायची, कारण घरी आई नाही म्हटल्यावर ती म्हातारीजवळ राहायची नाहीत, रडून रडून आजारी पडायची. धाकले डबे आले तेव्हा बाईंना सुचलं. चार टोळ्या, चार डबे टोळ्यांबरोबर दिले. मुकादमाची जीप पंधरवड्याला गावाकडं येते, तिच्यातून कॅसेटी येतात-जातात. आई तिकडून बोलते, पोरगं इकडून बोलतं. खाचेची युक्ती गावातल्याच एकीनं काढली. "यंदा तीन पोरं गेली साहेब, बाकी सगळी हितं हायत. मागल्या सालची हजेरी बघा आन यंदाची बघा. पाठ मी तोंडी घेते, एकबी पोरगं मागं न्हाई. तुमी इचारा त्यास्नी."

साहेबांनी विचारलं. खोटं कशाला सांगू, तासभर विचारलं. भागाकार, नद्या, कविता. पोरांनी धडाधड उत्तरं दिली. हजेरीपत्रक घेऊन त्यांनी एकेक डोकं मोजलं, ते बरोबर भरलं. मला वाटलं, आता हा माणूस हसेल आणि म्हणेल, बे, असली शाळा मी पाहिली न्हाई. त्यांनी नमुना पुन्हा पहिल्या पानापासून चाळला, शेवटपर्यंत. मग तो मिटून म्हणाले, "अहो बाई, बसा ना."

बाई बसल्या नाहीत. त्या नव्या होत्या, त्यांना त्या बोलण्याचा अर्थ माहीत नसावा. मला माहीत होता.

"नमुन्यात हजेरीचा रकाना न्हाई, बाई. संच जाग्यावर हाय का, कॅसेटी मूळ हायत का, एवढं इचारलंय. तुमचे चार संच जिल्ह्याभायेर हायत आन कॅसेटी पुसल्यात. हे मी लिवणार. आन कॅसेटी आजच्या आज पूर्ववत व्हायच्या. हे दिगंबर करंल. मूळ पाठ आमच्यापाशी हायत."

"साहेब, बाकीच्या पुसा. आया जित्या हायत, त्या पुन्यांदा बोलतील," बाई म्हणाल्या. "ही एक राहू द्या. मंगलची आई पौषात वारली. कारखान्याच्या उतारावर उसाची गाडी उलटली. ही तिची शेवटची कॅसेट हाय. दुसरं कायबी न्हाई पोरीपशी, फोटू सुदीक न्हाई."

मंगल ऐकत होती. तिला हे सगळं माहीतच होतं, पण साहेबांना ते नव्यानं कळताना ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

साहेब म्हणाले, "कॅसेट सरकारी हाय. तिच्यावर नंबर हाय."

बाई आतल्या खोलीत गेल्या, तिथंच त्या राहायच्या. स्वतःची भजनांची कॅसेट घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवली. "मग ही घ्या. माझी हाय. आधी हिच्यावर आवाज उतरवा, मग ती पुसा." माझ्याकडं दोन कॅसेटी एकदम चालणारं मशीन होतं. पाच मिनिटांचं काम होतं.

"सरकारी यंतरावर खाजगी नक्कल व्हायची न्हाई," साहेब म्हणाले. "आज तुमची केली तर उद्या चोरबी हाच दाखला घेऊन येतो. चांगल्या माणसाला सूट दिली की तिच्या मागं चोरांची रांग लागती, बाई. मी बगितलंय." ते उठले, घड्याळ मनगटावर चढवलं. "मी धर्मापुरीचं देऊळ बघून येतो. लई जुनं हाय म्हंतेत. तासाभरात येतो. तवर उरक, बे."

जीपचा आवाज उतारावरून गेला. बाईंनी भजनांची कॅसेट टेबलावरून उचलली नाही, तशीच राहू दिली. नऊ घरांच्या टिकल्या लावलेल्या नऊ कॅसेटी माझ्यापुढं रचलेल्या होत्या आणि मशीन लावलेलं होतं. मी काय करायला हवं होतं, हे लहान पोरालाही कळेल. कळायला मला एक क्षणही लागला नाही. आणि मी काय केलं तर सगळ्यात आधी मंगलचीच कॅसेट घेतली. एकदाची हातावेगळी होऊ दे, म्हणून. खाचेवरच्या टिकल्या तशाच ठेवल्या, कारण त्यांच्याशिवाय माझ्याही मशीनला ती भरता आली नसती. शेजारच्या कप्प्यात मूळ पाठ घातला आणि बटण दाबलं.

मी भ्यालो होतो. दुसरं कारण नाही. साहेब परत येऊन विचारतील आणि मला त्यांच्यापुढं खोटं बोलता येणार नाही, मग पुढच्या अकरा महिन्यांचा कागद निघणार नाही, असं सगळं डोक्यात चाललं होतं. पाच मिनिटांत ते संपलं. संपल्यावर टिकल्या काढून टाकायच्या होत्या. मी त्या नखानं काढल्या आणि कुठं टाकाव्यात ते सुचेना म्हणून टेबलाच्या कडेला चिकटवल्या. मंगल जवळ आली. कॅसेट आपल्या डब्यात घालून तिनं बटण दाबलं. रेकॉर्डिंगमधल्या बाई स्वच्छ, पुस्तकी आवाजात म्हणाल्या, "मुलांनो, वही काढा." पोरगी जागेवर गेली आणि तिनं वही काढली.

साहेब परतले तेव्हा शेवटची कॅसेट चालली होती.

"झाल्या?"

"झाल्या, साहेब."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यांनी टेबलावरची भजनांची कॅसेट उचलली, उलटून पाहिली, कानाशी धरून हलवली आणि होती तिथं ठेवली. बाईंना नमस्कार केला. जीपपाशी आल्यावर त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं आणि म्हणाले, "बसा, दिगंबरराव." त्या दिवसापासून त्यांनी मला पुन्हा कधी 'बे' म्हटलं नाही. भाकरीचे भाग मात्र तसेच करत राहिले. मला वाटलं, काम चोख केलं म्हणून माझा मान वाढला. घरी सांगितलंसुद्धा.

चंद्रकलाबाईंची वेतनवाढ थांबली आणि त्यांची बदली पार आष्टीच्या टोकाला झाली. पुढच्या दसऱ्याला वाडीतल्या पोरांना कोणी अडवायला नव्हतं. ट्रक आले, आईबाप चढले, पोरं चढली. मंगल बापाबरोबर गेली, टोळीच्या भाकरी थापायला माणूस हवंच होतं. माघात आम्ही पुन्हा तिथं गेलो. नवे गुरुजी हुशार होते. घरोघरी कुलपं लागणार म्हटल्यावर त्यांनी तेराही डबे आधीच गोळा करून शाळेच्या कपाटात ठेवले होते. मूळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, कॅसेटी ओळीनं, खाचा मोडलेल्या, एकही टिकली नाही. पट्टीवर चार पोरं बसली होती. साहेबांनी नंबर जुळवले, प्रत्येक कॅसेट लावून पाहिली आणि शेरा लिहिला, 'उत्तम.' तालुक्यात त्या वर्षी दुसरी 'उत्तम' शाळा नव्हती.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "साहेब, पोरंच नाहीत तिथं."

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "मला डोळे हायत. पर नमुना इचारतो तेवढंच लिवायचं, दिगंबरराव. माज्या मनाचं लिवायला लागलो तर मग माजं मन तपासायला दुसरा माणूस नेमावा लागंल."

त्यांचा अहवाल वर फार वाखाणला गेला. असा निःपक्षपाती अहवाल पाहिला नाही, असं कोणीतरी मोठ्या साहेबानं लिहिलं. त्याच्या जोरावर योजना आणखी दोन वर्षं चालली, मग संगणक आले आणि डबे भंगारात गेले. साहेब निवृत्त झाले. मी सरकारी नोकरी सोडून अंबाजोगाईत दुरुस्तीचं दुकान टाकलं. रस्त्यात भेटले की ते नमस्कार करायचे, मीही करायचो. त्यांचा राग यायचा मला, पण समोर आले की हात आपोआप जोडले जायचे.

ते सरकारी दवाखान्यात आहेत आणि आता उठत नाहीत, असं कळलं तेव्हा मी भेटायला गेलो. पोटाचा आजार होता. अंगावर हाडं तेवढी उरली होती, भस्म मात्र कोणीतरी लावलेलं. पुतण्या बाहेर गेला तसे ते म्हणाले, "धर्मापुरीचं देऊळ पाह्यलंय का तुमी?"

"नाही, साहेब."

"बघायला धा मिनिटं लागत्यात. मी धा मिनिटांत बगितलं. मग भायेर येऊन ओट्यावर बसलो घड्याळ घेऊन. डायवर म्हनला, चला. म्हनलं, तास होऊ दे." त्यांना धाप लागली. मी पाणी दिलं. "एक कॅसेट उतरायला किती येळ लागतो?"

"पाच मिनिटं."

"मंग तासाचं काय केलंत?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हणालो, "साहेब, तुम्हीच नको म्हणाला होता. सगळ्यांसमोर."

"म्हनालो की. म्हनायलाच लागतं मला. माज्यानं हुकूम मोडवत न्हाई, जलमात मोडला न्हाई. तुमी तरुण होतात. मला वाटलं तुमी मोडाल." त्यांनी डोळे मिटले. "परत येईस्तोवर मला खात्री होती. कॅसेट हातात घेतली आन कळलं, फिरलीच न्हाई. भजनाच्या सुरवातीलाच होती ती, पयल्या जाग्यावर."

चौथ्या दिवशी ते गेले. त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून पुरलं. मातीत मीही हात घातला.

ते खरं बोलले की मरताना आपला भार माझ्या डोक्यावर ठेवून मोकळे झाले, हे मला ठरवता येत नाही. त्यांना माणसं पारखता येत होती, आणि दुखरी जागा कुठं आहे तेही कळत होतं. खरं असेल तर एवढा मोठा अधिकारी एका पोरीसाठी आपला शब्द मोडू शकला नाही आणि ते पाप त्यानं अकरा महिन्यांच्या नोकरीवरच्या माणसाकडून करून घ्यायचं ठरवलं. खोटं असेल तर त्याहून वाईट. कसंही धरलं तरी बटण मीच दाबलं होतं, आणि तो तास पुरा माझा होता.

मागच्या साली मी वाडीवर गेलो होतो. मंगलचं लग्न तिकडं कारखान्याकडंच झालं, असं तिच्या चुलत्यानं सांगितलं. गावाचं नाव त्याला नीट आठवेना. मला तिच्या आईचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहे, कुठं खोकली, कुठं थांबली, तेसुद्धा. मी ते एकदाच ऐकलं. तिला ते आठवतं का, हे विचारायची माझी हिंमत नाही, म्हणून गावाचं नाव मी दुसऱ्या कोणाला विचारलं नाही.